शिंपल्यांच्या बेटांवर भाड्याची बोट नेताना: तयारीची यादी

लाइफ जॅकेट, टोपी, पिण्याचं पाणी, चार्ज केलेला फोन. झालं. या गोष्टी सहसा कुणी विसरत नाही, आणि विसरलाच तर बोट देणारा आठवण करून देतो. लांब दोराची आठवण मात्र कुणीही करून देत नाही, म्हणून तो यादीत सगळ्यात वर लिहा: चाळीस मीटरचे दोर, दोन. कशासाठी ते पुढे येईलच, तूर्त नुसतं लिहून ठेवा.

तारीख ठरवताना सुट्टी नंतर बघा, भरती-ओहोटीचं कोष्टक आधी. गोळा करायचे शंख-शिंपले उघडे पडतात ते सुकतीला, म्हणजे पाणी पूर्ण उतरलेलं असताना. अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांत उधाण असतं. तेव्हा पाणी सगळ्यात वर चढतं आणि सगळ्यात खालीही उतरतं, एरवी पाण्याखाली असणारे वाळूचे पट्टे दिसायला लागतात. अष्टमीच्या आसपास भांग: फरक कमी, उघडी पडणारी पुळणही (वाळूचा किनारा) कमी, पण बोट सांभाळायला सोपं. नवख्यांनी पहिली खेप भांगात करावी. हे सांगून कुणी ऐकत नाही, कारण चांगले शंख उधाणात मिळतात. मग निदान दोर तरी घ्या.

कोष्टक वाचताना चार चुका नेहमीच्या. पहिली, जवळच्या मोठ्या बंदराची वेळ बेटालाही लागू धरणं. खाडीच्या आत किंवा बेटांच्या मागे पाणी बऱ्याच उशिरा फिरू शकतं, त्यामुळे बोटवाल्याला बेटाची वेळ वेगळी विचारा. दुसरी, मागच्या आठवड्याची वेळ डोक्यात ठेवणं. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणजे भरती रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. तिसरी, कोष्टकातला आकडा अगदी सेंटिमीटरपर्यंत खरा मानणं. हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने वाढला तर पाणी साधारण एक सेंटिमीटर खाली दबतं, कमी झाला तर तितकंच वर येतं. किनाऱ्याकडे जोराचा वारा असेल तर पाणी अडून राहतं आणि ठरलेल्या वेळेलाही पट्टा उघडा पडत नाही. चौथी, फक्त वेळ बघणं आणि उंचीचा रकाना सोडून देणं. त्या दिवशी पाणी किती मीटर उतरणार हे माहीत नसेल तर दोराचा हिशेबच करता येत नाही. काही किनाऱ्यांवर दिवसाला एकच भरती येते, काही समुद्रांत ती जेमतेम वीतभर असते. तिथल्या वाचकांनी यातलं अर्धं सोडून द्यावं. बाकीच्यांनी सोडू नये.

हवामानाचं थोडक्यात. समुद्राकडून किनाऱ्यावर दोन-तीन दिवस जोराचा वारा वाहून नुकताच पडला असेल तर माल उत्तम, कारण लाटांनी तळ ढवळून शंख वर आणून टाकलेले असतात. पण वारा पडला म्हणजे लाट पडली असं नाही, आणखी एक दिवस जाऊ द्या. पंधरा नॉटच्या (ताशी सुमारे २८ किलोमीटर) वर वाऱ्याचा अंदाज असेल तर लहान उघडी बोट घेऊच नका. वारा एका बाजूने आणि ओहोटीचा ओढ समोरून असेल तर त्याहून कमी वाऱ्यातही खाडीच्या तोंडावर आखूड, उभ्या लाटा उठतात. जाताना जिथून सहज गेलात तिथूनच येताना बोट भिजते, ती यामुळे.

आता बोट. सपाट किंवा सपाटच्या जवळ जाणारा तळ, आउटबोर्ड (मागच्या कडेला बाहेरून लावलेलं) इंजिन, इंजिन वर उचलल्यावर चाळीस सेंटिमीटर पाण्यात तरंगेल अशी. फार मोठी नको. आरामशीर सावलीची बोट बेटाजवळ आणताच येत नाही, मग शंख दुर्बिणीतून बघायचे का? बोट देणाऱ्याला हे प्रश्न विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. वाळूला नाक टेकवायला परवानगी आहे का? अनेक करारांत ते साफ नाकारलेलं असतं, आणि तसं असेल तर बोट पाण्यात नांगरूनच उतरावं लागतं, म्हणजे पुन्हा दोर. सुकतीला तुमच्या धक्क्यावर पाणी किती उरतं? हा प्रश्न ऐकून बरेच जण गडबडतात, पण धक्का स्वतःच कोरडा पडत असेल तर परत आणलेली बोट लावणार कुठे? भाड्याचे तास कुठून कुठपर्यंत? सुकतीच्या दोन तास आधी बेटावर पोचणं आणि पाणी चढायला लागल्यावर तासाभरात निघणं, एवढं त्या तासांत बसलं पाहिजे. सकाळच्या ठरावीक पाळीत सुकती पडत नसेल तर दुसरा दिवस घ्या. आणि शेवटचा प्रश्न: नांगराचा दोर किती मीटर? 'भरपूर आहे' हे उत्तर नाही. बाहेर काढा, हात पसरून मोजा. दोन्ही हात पसरले की आपल्या उंचीइतका, म्हणजे सुमारे पावणेदोन मीटर. साधारणपणे पंधरा-वीस मीटर निघतो, त्यातला काही भाग कुजलेला. मोजता मोजता दुसरं टोक बोटीच्या कडीला खरंच बांधलंय का तेही बघा. न बांधलेलं टोक सळसळत पाण्यात गेलं की नांगरही गेला आणि अनामतही.

निघण्याआधी पंख्याचा (प्रोपेलरचा), इंजिनाच्या सगळ्यात खालच्या टोकाचा आणि तळाच्या पुढच्या कडेचा व्हिडिओ काढा. जुने ओरखडे आपल्या नावावर चढतात.

दोराचा हिशेब आता सावकाश वाचा, कारण सगळी सहल यावर आहे. पाणी एकसारख्या वेगाने उतरत नाही. सहा तासांत एकूण फरकाचे बारा भाग धरले तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यातही तीन, मग दोन, मग एक. फरक २.४ मीटर असेल तर मधल्या दोन तासांत दर तासाला ६० सेंटिमीटर पाणी जातं. पुळणीचा उतार विसाला एक, म्हणजे वीस मीटर पुढे गेल्यावर एक मीटर खोल, असेल तर ६० सेंटिमीटर म्हणजे आडवं अंतर १२ मीटर. दर पाच मिनिटांना एक मीटर. वाळूला नाक टेकवून 'जरा फिरून येतो' म्हणत गेलात आणि वीस मिनिटांनी परतलात तर पाच मीटरची बोट जवळजवळ पूर्ण कोरडी. इंजिन आणि इंधन धरून तिचं वजन पाचेकशे किलो असतं. दोन माणसं ती ढकलू शकत नाहीत. चारही नाही, कारण तळाखालची ओली वाळू तिला चिकटून धरते. मग पाणी परत येईपर्यंत बसायचं. उधाणाच्या भरतीला अगदी वरच्या रेषेजवळ अडकलात तर पुढची भरती तिथवर पोचेलच असं नाही, कारण उधाण ओसरायला लागलेलं असतं. तशा बोटी पुढच्या उधाणापर्यंत, म्हणजे पंधरवडाभर पडून राहतात. भाडं रोजचं चालू.

म्हणून बोट वाळूवर ठेवायची नसते, वाळूसमोर तरंगती ठेवायची असते. सुकतीच्या दोन तास आधी पोचलात तर वरच्या उदाहरणात अजून ६० सेंटिमीटर पाणी उतरायचं बाकी आहे. बोटीला लागणारं पाणी ४० सेंटिमीटर, वर ३० सुरक्षेसाठी. एकूण १.३ मीटर. विसाला एक उतारावर एवढी खोली पाण्याच्या कडेपासून २६ मीटरवर मिळते. बोट तिथे उभी राहिली पाहिजे, आणि पलीकडे तिला धरणारा नांगर आणखी पुढे. करायचं असं: हळू येत असतानाच मागच्या बाजूने नांगर सोडा, कडेपासून साधारण ४५ मीटरवर. दोर सोडत सोडत पुढे या, नाळ (बोटीचं पुढचं टोक) वाळूला टेकली की माणसं आणि सामान उतरवा. नाळेला दुसरा दोर बांधा, त्याचं टोक किनाऱ्यावरच्या माणसाच्या हातात. बोटीवर थांबलेला माणूस मागचा दोर ओढून बोट खोल पाण्यात नेतो, दोर आवळून बांधतो आणि कमरेएवढ्या, फार तर छातीएवढ्या पाण्यातून चालत येतो. किनाऱ्यावरचं टोक भक्कम खडकाला किंवा वाळूत पुरलेल्या दुसऱ्या नांगराला. वाहून आलेल्या ओंडक्याला बांधू नका, भरतीला ओंडका तरंगतो. परत निघताना नाळेचा दोर ओढला की बोट आपल्याकडे येते.

मोजा: मागचा दोर नाळ कडेपासून आठ मीटरवर, चाळीस सेंटिमीटर पाण्यात टेकलेली असताना सुमारे ३२ मीटर लागतो, पुढचा २६ आणि वर खडकापर्यंतचं अंतर. म्हणून चाळीसचे दोन. पंधरा मीटरच्या एका दोरात हे होत नाही. कोणत्याही गाठीने होत नाही.

दोर नायलॉनचा, १० ते १२ मिलिमीटर जाड. स्वस्त पॉलिप्रॉपिलीनचा दोर तरंगतो आणि तरंगणारा दोर पंख्यात जातो. नांगराला जोडून निदान दोन मीटर साखळी हवी, म्हणजे नांगराचा दांडा आडवा राहून दात वाळूत रुततात. मागची बाजू लाटांकडे करून बोट बांधायची ही पद्धत फक्त बेटाच्या आडोशाच्या बाजूला, शांत पाण्यात. इंजिनाजवळची कड बुटकी असते, तिच्यावरून लाटा आत येऊ लागल्या की बोट बुडते. आडोशालाही हलक्या लाटा असतील तर किनाऱ्याला दोर नकोच. नाळेवरून नांगर टाका, एक माणूस बोटीवर ठेवा. टाकताना दोर किती सोडायचा ते आत्ताच्या खोलीवर ठरवू नका. पुढे चढणारं पाणी आणि नाळेची उंची मिळवून त्याच्या पाचपट, वाऱ्यात सातपट. सुकतीला १.२ मीटर पाण्यात नाळेचा एक मीटर धरून ११ मीटर दोर सोडला तर हिशेब बरोबर दिसतो, पाणी २.४ मीटरने चढलं की तोच दोर अडीचपटही उरत नाही आणि बोट नांगरासकट चालायला लागते. आखूड दोराने ओहोटीत बोट कोरडी पडते आणि भरतीत वाहून जाते. दोन्हीवर औषध एकच, आणि ते बाजारात आदल्या दिवशीच मिळतं. सकाळी सातला धक्क्यावर नाही.

इंधनाचे तीन भाग करा: एक जायला, एक यायला, एक न वापरायला. इंजिन सुरू झालं की मागून पाण्याची धार येते का बघा, धार नसेल तर निघू नका. दोरीची किल स्विच (चालवणारा पाण्यात पडला तर इंजिन बंद करणारी) चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा जॅकेटला. उथळ पाण्यात इंजिन अर्धवट उचलून चालवताना थंड पाणी ओढणारी छिद्रं पाण्याखालीच राहिली पाहिजेत, आणि पंखा वाळू उडवायला लागला की इंजिन बंद. ती वाळू पंपात जाते, रबरी चाक झिजवते, आणि धार बंद पडते ती परत येताना. शेवटचे वीस-तीस मीटर वल्ह्याने या. वल्ही बोटीत आहेत ना? बिल्ज पंप (तळात साचलेलं पाणी उपसणारा) चालतो का? असेल नसेल, एक बादली घ्याच. पोलराइज्ड चष्मा घ्या, सूर्य पाठीमागे ठेवून आत या. पांढुरकं पाणी वाळूवरचं उथळ, तपकिरी म्हणजे खडप (पाण्याखालचे खडक) किंवा शेवाळ, त्यातून जाऊ नका. व्हीएचएफ (बोटीवरचा रेडिओ) असेल तर आपत्कालीन वाहिनी १६. नसेल तर फोन पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, आणि कुठल्या बेटावर, किती माणसं, परत किती वाजता, हे किनाऱ्यावरच्या कुणाला तरी लेखी.

बेटावरचं. शंख सापडतात उघड्या समुद्राच्या बाजूला आणि बेटाच्या टोकांवर, जिथे दोन प्रवाह भेटून वाळूची जीभ तयार होते. बोट असते आडोशाच्या बाजूला. म्हणजे शंख गोळा करताना बोट दिसत नाही, आणि सगळा घोळ इथेच होतो. मान खाली घातलेल्या माणसाला तास आणि दहा मिनिटं यांतला फरक कळत नाही. फोनवर दर वीस मिनिटांनी गजर लावा, आणि गजर झाला की कुणीतरी एकाने चालत जाऊन दोर बघून यायचं. 'मघाशीच बघितला होता' हे चालणार नाही.

पाणी उतरत असताना कडेबरोबर खाली खाली जा. वाळूवर कचऱ्याच्या दोन-तीन समांतर रेषा दिसतात. वरच्या रेषेत हलके, जुने, उन्हाने फिके पडलेले. ताजा रंग असलेले बहुतेक खालच्या रेषेत आणि वाळूच्या पट्ट्यांमधल्या खोलगट पाण्यात. नाजूक शिंपल्यांसाठी कापूस घातलेले झाकणाचे डबे, बाकीच्यांना जाळीची पिशवी. प्लास्टिकच्या पिशवीत पाणी साचून सगळं एकमेकांवर आपटतं. पायात जाड तळव्याचे बंद बूट. चपला नकोत, कालवं कापतात. उथळ पाण्यात पाय उचलून टाकू नका, घासत चला, म्हणजे वाळूत पुरलेला पाकट (शेपटीला विषारी काटा असलेला मासा) सरकून जातो. काटा लागलाच तर सोसेल तितक्या गरम पाण्यात, ४५ अंशांच्या वर नाही, भाग बुडवून ठेवा आणि दवाखाना गाठा.

शंकूच्या आकाराचा, सुंदर नक्षीचा, तोंडाची फट लांब अरुंद असलेला शंख उष्ण समुद्रात पाण्यात दिसला तर हात लावू नका. हा कोनस. आतला प्राणी भाल्यासारखा पोकळ दात फेकून विष टोचतो. त्यातल्या कोनस जिओग्राफस या जातीच्या दंशाने माणसं मेली आहेत आणि त्यावर उतारा असलेली लस नाही. रुंद टोकाकडून धरलं की चालतं, हातमोजा घातला की चालतं, हे दोन्ही खोटं. सोंड शंखाच्या बहुतेक भागापर्यंत पोचते आणि दात कापडातून जातो. दंश झालाच तर घट्ट पट्टी गुंडाळून तो हात-पाय हलू न देता लगेच रुग्णालय. श्वास बंद पडू लागला तर तोंडाने श्वास देत राहायचं.

जिवंत काहीही घ्यायचं नाही. शंखाच्या तोंडाशी खडबडीत झाकण घट्ट बसलंय, किंवा दोन शिंपल्या आवळून मिटल्यात, तर आत मालक आहे. रिकामा वाटणारा प्रत्येक शंख उथळ पाण्याच्या डबक्यात दहा मिनिटं ठेवा. खेकड्याने घर केलेलं असेल तर पाय बाहेर येतात. असा शंख न तपासता गाडीत टाकलात तर तिसऱ्या दिवशी वासावरून कळेलच. अनेक देशांत जिवंत शंख घेणं गुन्हा आहे, काही ठिकाणी रिकामेही उचलता येत नाहीत, आणि लहान बेटं पुष्कळदा राखीव असतात किंवा पक्ष्यांच्या विणीच्या काळात बंद असतात. निघण्याआधी विचारा. दुसऱ्या देशात असाल तर आणखी एक: राक्षसी शिंपला, क्वीन काँच (१९९२पासून) आणि नॉटिलस (२०१७पासून) साइट्स (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. किनाऱ्यावर सापडला म्हणून विमानतळावर सूट मिळेल असं समजू नका.

परत निघणं पाणी चढायला लागल्यावर. चढत्या पाण्यात कुठे टेकलात तरी पाचदहा मिनिटांत सुटता, उतरत्या पाण्यात टेकलात तर दर मिनिटाला जास्त अडकता. आधी किनाऱ्यावरचा दोर सोडून गुंडाळून आत, मग मागचा ओढत नांगरावर या, नांगर वर, मग इंजिन. पंखा फिरत असताना पाण्यात एकही दोर नको. धक्क्यावर पुन्हा व्हिडिओ.

घरी: गोड्या पाण्यात दोन दिवस, रोज पाणी बदलून. मातकट साल काढायची असेल तर ब्लीच आणि पाणी समभाग, काही तास, बाहेर, हातमोजे घालून. आम्ल नको, चकाकी जाते. वाळले की खनिज तेलाचा हलका हात. ओकच्या लाकडी खणात ठेवू नका, त्यातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेने शंखांवर पांढरी भुकटी चढते. प्रत्येक डब्यात चिठ्ठी: बेट, तारीख, पाण्याची अवस्था. शाई नको, पेन्सिल.